अष्टमीची हजेरी

विरार पूर्वेच्या टोकापासून वसईच्या बंदरापर्यंत अशी एकही रिकामी खोली नसेल, जिच्यावर आमच्या सुपरवायझर बाईंनी एकदा तरी वाईट नजर टाकलेली नाही. इस्टेट एजंटला खोलीत भाडं दिसतं. बाईंना तिथे पंचवीस मुलं, एक शेगडी, एक वजनकाटा आणि भिंतीवर खडूने काढलेला हत्ती दिसतो. कागदोपत्री त्या मुख्यसेविका, म्हणजे वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या बाई. सेविका वेळेवर येते का, मदतनीस खिचडी नीट शिजवते का, मुलांची वजनं होतात का, लस द्यायला नर्सबाई फिरकतात का, हे सगळं बघायचं आणि वर कळवायचं, एवढंच त्यांचं काम. पण ज्या अंगणवाडीला मुळात छप्परच नाही तिच्यावर देखरेख ठेवायची कशी? सरकारने शहरातल्या गरिबांच्या मुलांसाठी अंगणवाड्या मंजूर केल्या आणि खोल्या शोधायचं काम देवावर सोपवलं. देवाने ते बाईंवर ढकललं असावं, कारण त्या ते ज्या निष्ठेने करत त्याला नोकरी म्हणता येत नाही.

फुलपाड्याच्या एका चाळीत एक आजोबा वारले. बाई दहाव्याला भेटायला गेल्या. आजींचं सांत्वन केलं, आजोबा शेवटी काय खात होते, झोप लागत होती का, सगळं विचारलं. मग डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "त्यांची खोली ती मागची ना? उजेड छान येतो तिथे." घरातल्या सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तेव्हा तिथे असते तर जमिनीत गेले असते. पण आजी म्हणाल्या की उजेडाचं खरं आहे, ते नेहमी तिथेच पेपर वाचायचे. तेराव्यानंतर त्या खोलीत अंगणवाडी सुरू झाली. आजोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर तसाच आहे, आणि रोज सकाळी एकवीस मुलं त्यांना "आजोबा, आम्ही आलो" असं ओरडून सांगतात. सुना आता कुरकुरत नाहीत. त्यांच्या दोन मुली त्याच एकविसांत आहेत.

आमची ओळख झाली ती पत्रकामुळे. सेविकांच्या हक्कांवर आमच्या संघटनेचं एक पत्रक मी प्रकल्प कार्यालयाबाहेर वाटत होते. आधी फोन दिला, फोनमध्ये ॲप दिलं, नेटवर्क मात्र सेविकेने घरून आणायचं, अशा थाटाचा मजकूर होता, आणि मला तो फार धारदार वाटत होता. एक ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, कॉटनच्या साडीतल्या बाई थांबल्या, पत्रक वाचलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, "मागची बाजू कोरीच आहे का सगळ्यांची? मग उरतील ती मला दे. मुलांना चित्रं काढायला कागद पुरत नाही." मला इतका संताप आला की मी त्यांना एकही उरलेलं पत्रक देणार नव्हते. पण संध्याकाळी दीडशे उरली, आणि ती घेऊन दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागे पहिल्या अंगणवाडीत गेले. माझ्या मुद्द्यांच्या पाठीवर चाळीस मासे, सहा विमानं आणि एक पाच पायांची गाय आली. तेव्हापासून आमची संघटना पत्रकं एकाच बाजूला छापते. हे आमच्या कार्यकारिणीला मी कधी सांगितलेलं नाही.

बाई भेटीला आल्या की सेविका धावत खुर्ची आणते, आणि बाई त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून स्वतः सतरंजीवर बसतात. पिशवीला मान, बाईंना मांडी. त्या पिशवीत काय आहे याची मला फार दिवस उत्सुकता होती. फायली असतील असं मी धरून चालले होते. फायली होत्याच, पण त्यांच्या खाली चार मापांच्या धुतलेल्या चड्ड्या होत्या, कारण नव्या मुलाचा पहिल्या आठवड्यात अपघात होतोच, आणि ओल्या चड्डीत बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, असं बाईंचं मत. एकदा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत पंखा बंद पडला. बाईंनी घाम पुसायला पिशवीतून रुमाल काढला आणि संपूर्ण चेहरा पुसून झाल्यावर शेजारच्या बाईंनी त्यांना खुणावलं की तो रुमाल नाही. बाईंनी उलगडून पाहिलं, "तीन वर्षांची," एवढं म्हणून घडी घातली आणि पोषणाच्या आकड्यांवर चर्चा पुढे चालू ठेवली.

अंतर त्या मीटरमध्ये मोजत नाहीत. नवीन अंगणवाडी कुठे काढायची हे ठरवायचं असलं की वस्तीतलं सगळ्यात लांबचं घर शोधायचं, तिथल्या तीन वर्षांच्या मुलाचं बोट धरायचं आणि त्याच्या मनाने चालायचं. ते थांबलं की थांबायचं, वाकलं की वाकायचं. मग वहीत लिहायचं: 'दोन कुत्री, एक गटार, एक किराणा. जमेल.' किंवा: 'एक मोठा रस्ता. जमणार नाही.' मी पहिल्यांदा ही नोंद पाहिली तेव्हा म्हटलं, बाई, हे कोण मान्य करणार? त्या म्हणाल्या की मान्य कोणी करत नाही, म्हणून त्या कार्यालयाच्या कागदावर मीटर लिहितात आणि वहीत खरं लिहितात.

आणि केळी. बाईंचं माहेर वसईच्या वाडीवाल्यांचं, घरची बाग अजून थोडी शिल्लक आहे. दर मंगळवारी त्या केळ्यांचा एक घड घेऊन कचेऱ्या फिरतात. पाणी खात्यातला कारकून, आरोग्य केंद्रातली नर्स, पालिका शाळेतल्या पहिलीच्या बाई, चर्चच्या हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे गृहस्थ, देवळाचे विश्वस्त, सगळ्यांना एकेक जोडी. ही सगळी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि ओळखून घ्यायची त्यांना इच्छाही नाही, पण एका मुलाला पाणी, लस, बसायला जागा आणि पुढच्या वर्षी शाळा मिळायची तर ही सगळी एका दोऱ्यात यावी लागतात, आणि तो दोरा म्हणजे बाईंचं केळं. मी रागाने म्हटलं, ही सरळ सरळ लाच आहे. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तोंडात केळं असलेल्या माणसाला पटकन 'नाही' म्हणता येत नाही. तेवढ्या वेळात मी सगळं सांगून घेते."

त्यांचं सगळ्यात मोठं खूळ मात्र शेरेबुकातलं. अंगणवाडीला भेट देणारा प्रत्येक अधिकारी त्या वहीत लिहितो: 'भेट दिली. समाधानकारक.' बाईंचे शेरे असे: 'आज सानियाने दोन ठोकळ्यांतला एक शेजारच्याला दिला. कोणी सांगितलं नव्हतं.' 'प्रिन्स तीन आठवडे काही बोलत नव्हता. आज मला "सरक" म्हणाला. सरकले.' 'खिचडीत मीठ जास्त. मदतनीसच्या घरी काहीतरी झालं आहे. विचारू नये, उद्या पुन्हा यावं.' आणि प्रत्येक शेऱ्याच्या वर, तारखेशेजारी, तिथी. चतुर्थी, अष्टमी, अमावास्या. मला वाटलं बाई उपासतापासवाल्या असणार. मनातल्या मनात मी त्यांना एक जुनाट बाई ठरवून टाकलं आणि विचारायचं राहून गेलं.

ते विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यात एका गल्लीत बाईंची एक अंगणवाडी आहे. सेविका मर्सीबाय, त्याच गल्लीतली, पन्नाशीची, आवाज लिलावातला. पटावर तेवीस मुलं. आमच्या संघटनेने ठरवलं की अंगणवाड्यांची खरी हजेरी जाहीर करायची, आणि ती बाईंना न कळवता, म्हणजे कोणी सावध होणार नाही. पाचूबंदर माझ्याकडे आलं. एक दिवस मोजून कोणी म्हणेल योगायोग, म्हणून मी सलग तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी पाच मुलं, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. मर्सीबाय मला बसायला सांगत होती, चहा विचारत होती. मी गुन्ह्याच्या जागी चहा घेत नसते. गल्लीत बाहेर एक बाप जाळं विणत बसला होता, मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा. वेळ अंगणवाडीची. मी फोटो काढला.

पत्रकाचं नाव होतं 'मुलं कुठे आहेत?' आणि त्या फोटोखाली मी लिहिलं, 'शिकण्याच्या वयात कामाला'. मी लिहिलेल्यातलं ते सगळ्यात गाजलेलं पत्रक. फोनाफोनी फिरलं, एका स्थानिक वर्तमानपत्राने आकडे उचलले. मला वाटलं होतं, आता वरचे लोक हलतील आणि अंगणवाडी सुधारतील. वरचे लोक हललेच. दहा दिवसांत कार्यालयातून पत्र आलं की पाचूबंदरच्या या केंद्रात मुलंच नसल्यामुळे ते बंद करून मुख्य रस्त्यापलीकडच्या केंद्रात विलीन करण्यात येत आहे, पुराव्यादाखल सोबत माझं पत्रक.

मी धावत पाचूबंदरला गेले. त्या दिवशी दार उघडं होतं आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. एक मूल भांड्यावर चमचा बडवत होतं, दोघं एका चपलेवरून भांडत होती. मी दारातच उभी राहून मोजायला लागले. मर्सीबायने मोजू दिलं. वीस झाल्यावर मी थांबले.

"पोरं कुठं हायत म्हनून छापलंस," ती म्हणाली. ओरडली नाही, ते जास्त लागलं. "मना इचारलं असतंस तर सांगितलं नसतं का, बापाच्या मांडीवर हायत म्हनून? आठ दिस दर्यान होता त्यो. घरा आला. आता पोर काय मांडीवरशी उठल?"

मग तिने मला जे सांगितलं ते पाचूबंदरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ, बोटी दर्यात. बायका धक्क्यावर लिलावाला, बाजारात, आणि मुलं झाडून अंगणवाडीत, कधी कधी बरोबर दोन वर्षांची धाकटीसुद्धा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा जोर मरतो, जाळं भरत नाही, बोटी घरी येतात. त्या तीन-चार दिवसांत बाप गल्लीत असतो आणि मूल बापाला चिकटलेलं. मी मोजायला गेले ते सप्तमी, अष्टमी, नवमी. बाई ती तिथी वहीत देवासाठी लिहीत नव्हत्या. त्या मुलाच्या बापाला मी फोटोत काय ठरवलं होतं हे आठवून मला तिथे उभं राहवेना. मी खरंच निघाले, तर मर्सीबाय म्हणाली, चहा आतातरी घे.

बाईंकडे जायला मला दोन दिवस लागले. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिन्ही दिवशी नेमकी कोणती मुलं आली होती ते मला खोदून खोदून विचारलं. माझ्याकडे फक्त आकडे होते. नावं मी विचारलीच नव्हती. बाईंना त्याचं फार वाईट वाटलं. भांगाच्या दिवसांतसुद्धा जी चार-पाच मुलं येतात त्यांचे बाप कुठे असतात, हे त्यांना बरीच वर्षं जाणून घ्यायचं होतं. "एवढे तीन दिवस तिथे बसली होतीस," त्या हळहळत म्हणाल्या. त्या क्षणी अंगणवाडी बंद होत होती, मर्सीबायचं काम जात होतं, तेवीस मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागणार होता, आणि या बाईंची हळहळ ही.

पण दुसऱ्या दिवशी त्या अकरा वर्षांची शेरेबुकं एका गोणीत भरून प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर घेऊन गेल्या. मी सोबत होते, गोणीचं दुसरं टोक धरायला. साहेब नवीन होते, देशावरचे, माणूस वाईट नाही, पण समुद्र त्यांनी सुटीतच पाहिलेला. बाईंनी पान उलटायचं, बोट ठेवायचं, पुढचं पान. अमावास्या एकवीस. अष्टमी सहा. पौर्णिमा बावीस. अष्टमी पाच. साहेब म्हणाले की नमुन्यात तिथीचा रकाना नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच वहीत लिहिलं. साहेबांनी एक वही स्वतःकडे ओढली, वाचत गेले, आणि 'सरकले'पाशी थांबून त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले की येतो, पण कधी ते कळवणार नाही. बाई म्हणाल्या, कळवू नका, फक्त कॅलेंडर बघून या.

ते आले अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. बाईंनी त्यांना गाडी नाक्यावर सोडायला लावली आणि गल्लीतल्या शेवटच्या घरातून एका मुलीचं बोट त्यांच्या हातात दिलं. आधी त्यांनी तिच्याबरोबर रस्त्यापलीकडच्या केंद्राकडे जाऊन बघावं, असं बाईंचं म्हणणं. मुलगी वाळत घातलेल्या बोंबलांपाशी थांबली, मांजरीपाशी थांबली, बर्फाच्या गाडीतून पाणी गळत होतं तिथे बराच वेळ थांबली. साहेब फोन बघायचे, मग फोन खिशात ठेवला. मुख्य रस्त्याच्या कडेला आल्यावर टेंपो, रिक्षा, पाण्याचे टँकर सुरू झाले आणि मुलीने खाली बसकण मारली. साहेबांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. मग तिला कडेवर उचलून आल्या वाटेने परत मर्सीबायच्या दारात आले. आत बावीस मुलं होती, ही तेविसावी. केंद्र बंद करण्याचं पत्र त्याच आठवड्यात मागे घेतलं गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण मागे घेतलेल्या पत्राला कारण लागतं, आणि कारण शोधताना उघड झालं की उधाणात आलेल्या रविवारी मर्सीबाय केंद्र उघडं ठेवते आणि भांगात लवकर बंद करते, आणि ही मुभा बाईंनी कोणाच्या लेखी परवानगीशिवाय दिली आहे. खुलासा मागवला गेला. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं असं लिहा. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं काही मी त्यांना मुलांचं वजन वाढवून लिहायला सांगितलं. त्यांनी चार ओळींत लिहून दिलं की वेळ त्यांनीच ठरवली, सेविकेचा यात काही दोष नाही. बदली झाली. डोंगरातल्या लांबच्या तालुक्याला, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना.

मी रात्रीचा दिवस करून पत्रक लिहिलं. आजवरचं सगळ्यात चांगलं, आणि यातला प्रत्येक शब्द मी चार जणांना विचारून घेतला होता. बाई सामान बांधत होत्या. त्यांनी ते उभ्यानेच पूर्ण वाचलं, खाली ठेवलं.

"छान लिहिलंयस. छापू नकोस."

मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. त्यांच्या बाजूने बोंब झाली की फाईल पुन्हा उघडणार, आणि फाईल उघडली की मर्सीची वेळ पुन्हा नियमात बसवणार. सध्या कोणी बघत नाहीये. "कोणी बघत नाहीये तेवढं चालू दे," त्या म्हणाल्या आणि भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. अन्यायाविरुद्ध बोलायचं हे मला शिकवलं गेलं होतं, गप्प कसं बसायचं ते नव्हतं. मी ते शिकते आहे आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

पाचूबंदरची अंगणवाडी चालू आहे. बाईंच्या जागी आलेल्या मॅडम चांगल्या आहेत, खुर्चीवर बसतात, 'समाधानकारक' लिहितात. एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरी आता कोणी येऊन "तुमचा हॉल सकाळचा रिकामाच असतो ना?" असं आईला विचारत नाही. आईला तेव्हा फार राग यायचा. परवा तीच म्हणाली, हॉल खरंच रिकामा असतो.

दीड महिन्याने बाईंचा फोन आला. त्या कुठल्याशा टेकाडावर उभ्या होत्या, तिथेच आवाज नीट जातो म्हणे. मी माफीचं एक वाक्य कधीपासून तयार ठेवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. एका पाड्यावर अंगणवाडी आहे, खोली बांधलेली, चक्क स्वतःची, सेविका हुशार. पटावर मुलं आहेत, आणि गेले तीन दिवस दोनच येतात.

"का?" मी विचारलं.

"माहीत नाही अजून," बाई म्हणाल्या, आणि तो आवाज छप्पन्नाव्या वर्षाला टेकलेल्या, घरापासून तोडलेल्या बाईचा वाटत नव्हता. बाजाराचा दिवस नाही, कुठे लग्न नाही, आजारपण नाही. सेविकेला विचारलं तर ती नुसती हसते. मुलं सकाळी एका बाजूला जाताना दिसतात, पण कुठे ते कोणी सांगत नाही. नवीन माणसाला का सांगतील?

मी म्हटलं, "बाई, मी येऊ का?"

 

"पंधरा दिवस राहणार असशील तर ये," त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात दिवस जुळवायला लागले, तेवढ्यात तिकडे कुठल्या तरी मुलाने त्यांना त्यांच्या नावाने नाही, "ए नवी बाय" अशी हाक मारली, आणि त्या मला थांब असंही न सांगता त्याच्याकडे वळल्या.